साठावर दहा

आमचा सुधींद्र आता आकडे तोंडानं बोलत नाही. भाजीवाल्याला बोटं दाखवतो. बँकेत गेला तर कागदावर लिहून पुढे सरकवतो. कुणी वय विचारलं तर माझ्याकडे बघतो, मग मी सांगते. लोकांना वाटतं, निवृत्तीनंतर ह्याचं डोकं सरकलं. सरकलं नाही हो, चांगलं जागेवर आहे, तेच तर दुखणं आहे. मी त्याची थोरली बहीण, शकुंतला. जन्मभर हुबळीच्या मराठी शाळेत पोरांकडून पाढे घोकून घेतले, आणि सख्ख्या भावाची ही तऱ्हा!

काय झालं ते सांगते. मधे बोलू नका, माझी लिंक तुटते आणि मग मला राग येतो.

सुधींद्रनं आयुष्यभर केबल टीव्हीचं काम केलं. आमचे वडील वकिलाकडे कारकून होते. पोरगा कोर्टात चिकटावा अशी त्यांची फार इच्छा. हा चिकटला विजेच्या खांबाला. आधी दुर्गदबैलच्या बाजारातल्या गच्च्यांवरून तारा ओढल्या, मग नवनगरात घरं झाली तसा तिकडे गेला. जोडीला कायम वेंकटेश. वेंकटेश कानडी, आम्ही मराठी, पण दोघं एकमेकांशी कुठल्या भाषेत बोलायचे ते त्यांनाच ठाऊक. वाक्य कानडीत सुरू व्हायचं आणि मराठीत संपायचं. शिव्या मात्र दोन्हीकडच्या.

सुधीच्या गळ्यात पट्ट्यानं अडकवलेलं एक मीटर असायचं. तारेतून किती ताकदीचा सिग्नल येतोय ते मोजायचं. मी एकदा म्हटलं, "तार लावली की आकडा येतो. त्यात एवढी कसली विद्या रे?" तर केवढा चिडला!

"अक्का, मीटरला आधी सांगावं लागतं, काय काय शोधायचं ते. कुठल्या फ्रिक्वेन्सीवर कुठला चॅनेल, तो जुन्या पद्धतीचा की डिजिटल, त्याचं नाव काय, आकडा कितीच्या खाली गेला तर तक्रार करायची आणि कितीच्या वर गेला तर. ह्या सगळ्याचं टेबल भरावं लागतं, एकेक ओळ. तुझा हजेरीपट असतो ना, तसं समज. पटावर ज्याचं नाव नाही त्याला तू हाक मारतेस का?"

"नाही."

"मग तो वर्गात असला काय आणि बोरं खायला पळाला काय. तुला कळणार आहे का?"

हे मला पटलं. तेव्हापासून रविवारी माझ्याच जेवणाच्या टेबलावर बसून तो ते चॅनेलचं टेबल भरायचा आणि मी त्याला निमूट चहा द्यायचे. एक ओळ चुकली तर मीटर खोटं बोलतं, आणि ते आपलं प्रामाणिकपणे खोटं बोलतं, असं तो म्हणायचा. चालू चॅनेलला मेलेला म्हणतं.

टेबल भरून झालं की खांबाखांबावर मोजणी. वेंकटेश असायचा ॲम्पपाशी, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या पेटीपाशी. सुधी असायचा ओळीच्या शेवटच्या खांबावर, शिडी लावून. तारेची एक खोड आहे. लांब गेली की खालचे चॅनेल नीट पोचतात आणि वरचे वाटेत दमतात. म्हणून सुधी एकेका ओळीचा आकडा ओरडून सांगणार आणि तिकडे वेंकटेश पेटीतला स्क्रू फिरवणार. आधी खरंच ओरडून, मग फोन आले तेव्हा फोनवर. हे दोघं जो आकडा धरून चालायचे तो सत्तर. टेबलातल्या पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सत्तर आला की त्या गल्लीत महिनाभर कुणाची तक्रार नाही.

आता इथंच तर सगळं घोडं अडलं. माणूस भांडतो कुठल्याही भाषेत, पण मोजतो लहानपणी घोकलेल्या भाषेतच. सुधी मोजायचा मराठीत. आणि कानडीत 'सत्तरु' म्हणजे काय, ते इकडच्या माणसाला सांगायला नको. सत्तरु म्हणजे वारले.

सुरुवातीला मजा व्हायची. दुर्गदबैलच्या एका गच्चीवरून हा मोठ्यानं ओरडला, "सत्तर!" खाली कापडाचा व्यापारी गज हातात घेऊन धावत बाहेर आला. "यारु? यारु?" म्हणजे, कोण, कोण गेलं? आणि आमचा शहाणा भाऊ वरून सांगतो, "सगळेच!" त्या बिचाऱ्यानं अर्धं शटर खाली ओढलं हो! वेंकटेश हातगाडीवर पडून हसत होता. शेजारच्या धान्यवाल्यानं ह्याला खाली बोलावून असा झापला की विचारू नका.

त्या दिवशी वेंकटेशनं नियम केला. "सत्तर म्हणायचं नाही. कानडीत एप्पत्तु म्हण." पण सुधीची जीभ वळेना. आकडे मराठीत पळत यायचे आणि सत्तरापाशी ठेच लागून मीटर हातातून निसटायची वेळ यायची. शेवटी मधला मार्ग निघाला. सत्तर आला की म्हणायचं, साठावर दहा. एकाहत्तर चालेल, ऐंशी चालेल, सत्तर नाही. घरात कुणी आजारी असेल, कुणाच्या दारात मांडव असेल, आपल्या तोंडून अभद्र कशाला? पुढे त्याला इतकी सवय झाली की किराण्याच्या दुकानातसुद्धा "साठावर दहा द्या" म्हणायचा आणि दुकानदार त्याच्याकडे बघत राहायचा. मीही चिडवायचे. "काय रे, तुझ्या मेव्हण्यांचं वय किती?" "साठावर दहा, अक्का!" आमचे हे कपाळावर हात मारून घ्यायचे.

बरीच वर्षं हे नीट चाललं. किती माणसं त्या खांबांखालून गेली असतील, एकाच्याही कानावर तो शब्द पडला नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण नंतर लोक म्हणाले, निष्काळजी माणूस. निष्काळजी म्हणे! त्यांनी एक दिवस तरी दुसऱ्याच्या कानाची अशी काळजी घेतली असती तर मी ऐकून घेतलं असतं.

आता दुखरी गोष्ट. वेंकटेशचे वडील फकीरप्पा. रेल्वेच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले, आवाज असा की गल्लीच्या टोकाला ऐकू जावा. त्यांच्या बायकोचं नाव यल्लव्वा. नवनगरात शेवटच्या ओळीला त्यांचं बैठं घर. सुधी त्या घरात मुलासारखाच. फकीरप्पांना तो अप्पा म्हणायचा आणि यल्लव्वा ह्याला सुधप्पा. दोघा म्हातारा-म्हातारीचं एकच भांडण, टीव्हीचा रिमोट. तिची मालिका रंगात आली की हे बातम्या लावणार. ती उठून स्वयंपाकघरात जाणार आणि भांडी आपटणार. सुधी ते नकला करून सांगायचा आणि आम्ही हसून लोटपोट.

मग फकीरप्पांना छातीचं दुखणं आलं. दवाखान्यात ठेवलं. वेंकटेश तिथंच राहायला लागला. सुधी रोज सकाळी चहाचा थर्मास घेऊन जायचा. फकीरप्पा पडल्या पडल्या ह्याला म्हणाले, "माझ्या बातम्या चौकोन चौकोन होऊन फुटतात रे. मी घरी येईतो नीट करून ठेव."

झालं! ह्यानं ते मनावरच घेतलं. नेमकं तेव्हाच ऑफिसनं नवीन मीटर दिलं होतं. त्यात आधीपासून भरलेलं टेबल कुठल्या दुसऱ्या गावचं. ते लावलं तर निम्म्या ओळी कोऱ्या. टीव्हीवर चॅनेल दिसतोय आणि मीटर म्हणतंय, नाही. ऑफिसातले म्हणाले, असू दे, चालवून घ्या. हा कसला चालवून घेतोय! सगळं पुसलं आणि पहिल्यापासून भरायला बसला. एकेक फ्रिक्वेन्सी शोधायची, सिग्नल सापडला की ओळ लिहायची, नाव द्यायचं, हद्दी घालायच्या. डोळे लाल करून घेतले. मी म्हटलं, "अरे, वेंकटेश येऊ दे, मग करा दोघं." तर म्हणाला, "अप्पा घरी यायच्या आत व्हायला हवं."

टेबल झालं. मग मोजणी, तीही एकट्यानं. स्कूटरवर ॲम्पपाशी जायचं, स्क्रू थोडा फिरवायचा, परत येऊन शिडी चढायची. असं किती वेळा केलं ते त्यालाच ठाऊक. दुपार कलताना फकीरप्पांच्या मागच्या गल्लीतल्या खांबावर त्यानं टेबल चालवलं आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळीकडे तोच आकडा आला. एक ओळ वर नाही, एक खाली नाही. त्यानं मला नंतर सांगितलं, "अक्का, असं टेबल माझ्या हातून आयुष्यात झालं नव्हतं."

आणि त्या आनंदात त्यानं शिडीवरूनच वेंकटेशला फोन लावला.

वेंकटेशचा फोन वेंकटेशकडे नव्हताच. सकाळी अंघोळीला घरी आला तेव्हा चार्जिंगला लावून तिथंच ठेवून गेला होता. उचलला त्याच्या बहिणीनं, नेत्रानं. ती वडिलांसाठी गदगहून आलेली. तिला ह्यांच्या धंद्यातलं अक्षरही ठाऊक नाही. ह्यानं हॅलोसुद्धा ऐकलं नाही. "वेंक्या, अप्पांचा खांब! सत्तर! सगळे सत्तर!" आणि फोन खिशात टाकून दोन्ही हातांनी मीटर सोडवायला लागला.

त्या पोरीच्या कानात दोनच शब्द गेले. अप्पा. सत्तरु. दवाखान्यात रोज जाणारा माणूस फोन करून हेच सांगणार, दुसरं काय? तिनं उलटा फोन केला तर हा उचलेना. भावाला करावा तर भावाचा फोन तिच्याच हातात. तिनं हंबरडा फोडला.

तरी यल्लव्वा रडली नाही. हे मला नेत्रानंच सांगितलं. म्हातारी उंबऱ्यात बसून राहिली आणि म्हणाली, "फोनवरचं मी मानत नाही. सुधप्पा येऊ दे. त्याच्या तोंडाकडे बघून मला कळेल."

आणि सुधप्पा आला की हो! मागच्या गल्लीत शिडीवरून उतरताना त्यानं नेत्राचा आक्रोश ऐकला. त्याच्या मनात काय आलं असेल? सकाळी अप्पांना पाहिलं होतं, हातात हात घेतला होता, आणि आता गेले. खिशात मघाशी वेंकटेशचा फोन वाजत होता तो ह्याचसाठी, आता त्यानं घरी कळवलं असणार. शिडी तशीच टाकून तो धावत आला. दारात नेत्रा लोळत होती. ती त्याला बघून ओरडली, "अण्णा, अप्पा सत्तरु!" आणि माझा भाऊ उंबऱ्याशी मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

आपल्याच तोंडचा शब्द परत त्याच्याच कानात आला आणि त्यानं तो खरा मानला. काय म्हणावं ह्याला? मी आजही ह्यावर विचार करते तेव्हा देवाचा भयंकर राग येतो.

यल्लव्वानं त्याच्या तोंडाकडे बघितलं. मग दोन्ही हात उंबऱ्यावर आपटले. हिरव्या बांगड्या होत्या, सगळ्या गेल्या. मनगटातून रक्त आलं. तळव्यानं कपाळ पुसलं. मग ती रडली. तसं रडणं आपण उभ्या जन्मात ऐकलं नाही, असं शेजारची बाई मला म्हणाली.

बऱ्याच वेळानं नेत्रानं विचारलं, "अण्णा, तुम्ही जवळ होता का? काही बोलले का अप्पा?"

"मी कुठं होतो? मी तर खांबावर होतो. तुला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच! तुम्हीच फोन केलात!"

सुधी सांगतो, त्यापुढचं त्याला काही आठवत नाही. कुणीतरी दवाखान्यात मोटरसायकल पिटाळली. फकीरप्पा तिकडे गादीवर बसून इडली खात होते.

लोक हसले, रडले. एकेकजण समजूत घालायला लागला. खोटी बातमी आली, आता आयुष्य वाढलं बघा! कावळा अंगाला शिवला की नाही का आपण मुद्दाम माणूस गेल्याची खोटी बातमी कळवत, तसंच झालं म्हणायचं. मला त्या तोंडांना कुलूप लावावंसं वाटत होतं. कारण यल्लव्वा हसली नव्हती. ती मोकळी मनगटं पदरात गुंडाळून आत जाऊन बसली होती.

तिनं एकच धरलं. "त्यांच्या नावानं मी बांगड्या फोडल्या. आता ते घरी येऊन आपल्या हातानं भरतील तेव्हाच भरायच्या. तोवर त्यांना हे कपाळ दाखवायचं नाही. असं बघितलं तर ते जगणार नाहीत."

सुधी दुर्गदबैलला जाऊन बांगड्या घेऊन आला. तिनं हात पुढे केला नाही. फोनवर तोंड दाखव म्हटलं, तर म्हणाली फोटोतसुद्धा नको. नुसतं बोल म्हटलं, तर बोलू लागताच फोन नेत्राच्या हातात कोंबायची. शेवटी मी गेले. शाळेत कसल्या कसल्या आडमुठ्या पोरांना वळणावर आणलं आहे, एक म्हातारी ऐकणार नाही का? मी कानडीतच सांगितलं, "यल्लव्वा, शब्दाची चूक झाली, बाकी काही झालेलं नाही. चल माझ्याबरोबर, तो माणूस वाट बघतोय."

ती म्हणाली, "अक्कावरु, तुमच्या शाळेत फळ्यावरचं चुकलेलं पुसता येतं."

मी परत आले.

आणि तिकडे फकीरप्पांना खरं सांगायची कुणाची छाती नव्हती. छातीचं दुखणं, धसका घेतला तर? म्हणून सगळे सांगायचे, तिचे गुडघे धरलेत. ते रोज विचारायचे. सुधी थर्मास ठेवायचा आणि हे दाराकडे बघायचे. एकदा म्हणाले, "रुसली का रे? तिला सांग, रिमोट तिचा. मी बातम्या मागणार नाही." सुधीनं जाऊन तसंच सांगितलं. यल्लव्वा पदर तोंडाशी धरून हसली, मग उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेरच आली नाही.

एवढंच हवं होतं हो. डॉक्टर म्हणत होते, सुधारणा आहे, आठवड्याभरात घरी सोडू. मग ते दारात आले असते, तिच्या मनगटात बांगड्या घातल्या असत्या, आणि आपण सगळे जन्मभर ह्या गोष्टीवर हसलो असतो. आम्ही सगळे तेवढ्याच दिवसाची वाट बघत होतो. सुधीनं तर बांगडीवालीला सांगून ठेवलं होतं, फोन केला की लगेच ये म्हणून.

तो दिवस आला नाही. फकीरप्पा दुपारचं जेवले, वेंकटेशला म्हणाले, "आज तरी येते का बघ," आणि कुशीवर वळले ते तसेच राहिले.

सुधी आणि मी तिथंच होतो. वेंकटेशनं सगळे कागद हातात घेतले आणि ह्याच्याकडे न बघता म्हणाला, "घरी तू सांग. ह्या खेपेला खरं आहे."

मी भडकले. म्हणाले, "वेंकटेशा, काय बोललास हे?" पण सुधीनं माझा हात दाबला आणि निघाला. मी त्याच्याबरोबर गेले. एकट्याला कसं सोडणार?

यल्लव्वा ओट्यावर सुपात जोंधळे निवडत होती. आम्ही फाटकातून आत आलो. तिनं मान वर केली. सुधीनं तोंड उघडलं, पण त्याच्या तोंडून मराठीही येईना आणि कानडीही येईना.  तिनं सूप बाजूला ठेवलं.

"गेले?"

त्यानं मान हलवली.

 आम्ही वाट बघत होतो, ती आता कोसळेल, आता ओरडेल. मी तिला सावरायला पुढे झाले होते. तिनं स्वतःच्या मनगटांकडे बघितलं, मग दाराकडे. गालावरून कोरडाच हात फिरवला, जसं काही तिथं असायला हवं होतं आणि नव्हतं.

"रडूच येईना रे सुधप्पा," ती म्हणाली. "त्या दिवशी सगळं रडून झालं. आता खरंच गेले, तर त्यांच्यासाठी माझ्याजवळ काहीच उरलं नाही."

माझा भाऊ तिच्या पायाशी पायरीवर बसला आणि हुंदके देऊन रडायला लागला. ती त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिली, आणि गल्लीतली माणसं जमेपर्यंत त्या घरात तो एकटाच रडत होता.